हुशार पोरांची शेती

आमच्या बॅचमधलं कुणी भेटलं की आधी चहा येतो, मग किस्से. एकाला दुसरा चिकटतो. ‘प्रज्ञावंत ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी कृषिविज्ञान’ असं लांबलचक नाव होतं आमच्या वर्गाचं. नववी-दहावीची दोन वर्षं, सगळ्या सुट्ट्या, नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. नाव कशाला घ्या!

*

निवडीची मुलाखत. मी नेवाशाची, परीक्षेत तालुक्यात पहिली. समोर तीन साहेब.

“वडील काय करतात?”

“शेती.”

“आणि तुला काय व्हायचंय?”

“शेतीच करायचीय.”

तिघंही हसले. एक जण अगदी मायेनं म्हणाले, “बाळ, ही योजना हुशार मुलांसाठी आहे!”

मग मी ‘कलेक्टर’ म्हणाले. निवड झाली.

*

पहिलाच तास मातीचा. एसी हॉल, पडदा, प्रोजेक्टर. आम्ही कॉलेजच्या रानातून चालत आलेलो. वर्गाचे प्रमुख, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, दारातच ओरडले, “पाय धुऊन या! माती आत आणायची नाही!”

धुऊन आलो. मग पडद्यावर माती बघितली. छान रंगीत होती.

*

आम्ही गावी शाळेत असताना आमचा टोमॅटोचा प्लॉट पाण्यावाचून वाळला, आणि सुट्टीत परतलो तर नेमके पाहुणे यायचे ठरले. मोठ्या सरांनी बाजारातून क्रेटभर टोमॅटो आणवले आणि आम्हाला दोऱ्यानं झाडांना बांधायला लावले! पाहुण्यांनी कौतुकानं एक तोडला. दोरा हातात आला.

“हे काय?”

“आधार पद्धत आहे, साहेब,” सर म्हणाले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

*

पालक मेळाव्यात एका पोराचे वडील उठले. “सर, दोन म्हैने पाऊस न्हाई. आता रानात काय पेरावं आमी?”

सर म्हणाले, “हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.”

ते “बरं” म्हणून खाली बसले.

*

कावेरी माझी रूममेट, पाथर्डीकडची. तिच्या घरचे दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दहावीच्या नाताळात आम्हाला बसनं राहात्याकडं ऊसतोड ‘अभ्यासायला’ नेलं. अंगात पांढरे अ‍ॅप्रन, हातात छापील फॉर्म. प्रत्येकानं एका मजुराची माहिती भरायची. कुणी कुणाला विचारायचं, ते मोठे सर ठरवत होते.

कावेरीच्या वाट्याला आलेल्या बाईंना मी लगेच ओळखलं. हॉस्टेलवर तिला सोडायला त्याच आल्या होत्या. तिची आई!

सर तिथंच उभे. कावेरीनं पेन उघडलं.

“नाव?”

आईनं कोयता खाली ठेवला. एकदा सरांकडं बघितलं, एकदा त्या अ‍ॅप्रनकडं.

“लिवा बाई. सखूबाई.”

“शिक्षण?”

“न्हाई.”

“मुलं?”

“एक पोरगी हाय. लई हुशार. शिकती.”

एवढं बोलून त्यांनी कोयता उचलला आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म तपासून आले. कावेरीच्या फॉर्मवर लाल शाईत सरांचा शेरा होता : ‘माहिती अपुरी. मुलगी कुठे शिकते, हे विचारायला हवे होते.’