यादीत नसलेल्या मावशींचं बीपी

गेल्या मंगळवारी कोपरीत माझं घर चुकलं. नुसता पत्ता चुकला असता तर एवढं काही नव्हतं... मी अख्खा सर्व्हे चुकीच्या घरी करून आले.

सध्या मी आरोग्याच्या राष्ट्रीय सर्व्हेत काम करते. टॅब, वजनकाटा आणि बीपीचं मशीन घेऊन दारोदार फिरायचं, कोण काय खातं, कोणाला काय त्रास आहे ते विचारायचं. घरं वरून निवडून येतात, आणि यादीतलं घर म्हणजे तेच घर... शेजारचं चालत नाही. आधी एक टीम येऊन दाराच्या चौकटीवर खडूने नंबर टाकून जाते, त्यावरून आम्ही घर शोधतो.

आता कोळीवाड्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांचं आडनाव एक. त्यात समोरासमोर राहणाऱ्या दोन चुलत भावांना घरच्यांनी आजोबांचंच नाव ठेवलेलं, म्हणजे नावही एक. एका घरी लग्न होतं, दाराला ताजा ऑइल पेंट, नंबर गायब. मी नाव विचारलं, "हो, हेच घर" म्हणाले, आणि मी बिनधास्त आत शिरले.

मावशी म्हणजे नवऱ्यामुलाची आई. मासळी विकतात, वय पन्नाशीच्या पुढे, दुसऱ्या दिवशी मुलाची हळद. तरी तांदूळ निवडता निवडता माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली त्यांनी. काही त्रास? नाय. डोकं दुखतं, चक्कर येते? नाय. मी भराभर 'नाही'वर टिक करत गेले.

मग बीपी घेतलं. पहिला आकडा बघून वाटलं मशीन बिघडलं. पाच-पाच मिनिटांनी तीनदा घ्यायचं असतं... दुसऱ्यांदाही तेच, आणि तिसऱ्यांदा वरचा आकडा दोनशेला टेकला. मावशी आपल्या बसल्या जागेवरून मांडववाल्याला सूचना देतायत, आणि धडधड माझ्या छातीत.

'ताबडतोब डॉक्टरांना दाखवा' अशी आमची एक चिठ्ठी असते, ती दिली. मावशी हसल्या. "मना काय झालंय गो? उद्या पोराची हलद हाय. आनि घरात कोनाला बोलू नको, पोराचा जीव लागायचा नाय कशात." चिठ्ठी हळदीच्या डब्याखाली गेली.

संध्याकाळी सुपरवायझर सरांनी नकाशा ताडून पाहिला आणि म्हणाले, घर चुकलंस, फॉर्म रद्द, उद्या समोरच्या घरी जा. मी म्हटलं, आणि त्यांचं बीपी? सर म्हणाले, चिठ्ठी दिलीस ना, मग आपलं काम संपलं, लोकांवर जबरदस्ती करायची नाही. नियम तसाच आहे, सर चुकीचं बोलत नव्हते... पण गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारी बाई मी. ठाकुर्लीला घरी येऊन जेवायला बसले तरी तो दोनशेचा आकडाच डोळ्यांपुढे.

बुधवारी समोरच्या घरचा, म्हणजे बरोबर घरचा, सर्व्हे केला. हात टॅबवर, डोळे गल्लीपलीकडे. मांडव सजलेला, वड्यांचं पीठ मळून तयार, आणि मावशी चुलीपुढे... चेहरा लालबुंद. काम उरकून मी तडक तिकडे गेले. चिठ्ठी डब्याखालीच होती.

"हलद उतरू दे, लगीन होऊ दे, मंग जाते." म्हणजे चार दिवस. घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. एकाचं रीडिंग दुसऱ्याला सांगायचं नाही असा आमचा नियम, आणि मावशींनी बजावलेलं ते वेगळंच.

मग मी खोटं बोलले. ठरवून नाही... तोंडातून निघून गेलं. "मावशी, तुमचा फॉर्म अडकलाय. डॉक्टरांचा कागद लागला नाही तर साहेब मला कामावरून काढतील."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागल्या. "आधी नाय का सांगायचं?" मग जाऊबाईंना हाक मारली, "वड्यांकडं बघ गो, या पोरीचं काम अडलंय, आलेच."

रिक्षाने दवाखाना दहा मिनिटांवर. तेवढ्यात माझा जीव वर-खाली, आणि मावशी मलाच धीर देतायत, "घाबरू नको, तुझा कागद भेटल." डॉक्टरांनी बीपी पाहून त्यांना आधी आडवं केलं. डोकं कधीपासून दुखतंय, विचारलं. मावशी म्हणाल्या, "पंधरा-वीस दिस झाले. हिच्या फॉर्मात नाय बोलले... लग्नघरात कोन ऐकनार?"

गोळी दिली, तासभर झोपवून ठेवलं, परत बीपी पाहिलं, रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर मावशींनी केसपेपर माझ्यापुढे धरला. "घे, फोटो काढ. तुझ्या साहेबाला दाखव." मी काढला. खरं सांगावंसं वाटलं, पण हिंमत झाली नाही... फॉर्म नाही म्हटल्यावर गोळ्याही बंद केल्या असत्या त्यांनी. उलट माझा नंबर दिला आणि म्हटलं, रोज गोळी घेतली की कळवायचं, मला साहेबांना सांगावं लागतं.

या बाईला स्वतःच्या डोकेदुखीसाठी वीस दिवसांत अर्धा तास मिळाला नाही. एका अनोळखी पोरीची नोकरी वाचवायला मात्र ती पोटच्या पोराची हळद सोडून निघाली. मला हे आठवलं की अजून लाज वाटते आणि भरूनही येतं. मावशी, माफ करा... आणि थँक यू.

लग्न छान झालं म्हणे. आज सकाळी पुन्हा फोन आला, मागे भांड्यांचा आवाज. "गोली घेतली गो. साहेबाला कलव."

कळवते, म्हटलं. गोळीची वाट बघणारा साहेब तर कोणी नाही... म्हणून तुम्हाला कळवतेय. मावशींनी आजची गोळी घेतली.