धवल्यांमधल्या मोकळ्या जागा

मला शांतता सहन होत नाही. बायको म्हणते, तुझ्या जिवाला स्वस्थता नाही. हाटकेश भागातल्या एका गाळ्यात माझा छोटासा स्टुडिओ होता, तेव्हा तर विचारूच नका. सीडीचे दिवस होते आणि मी रेडिओच्या जाहिराती एडिट करायचो. वीस सेकंदांत साड्यांचं दुकान, पत्ता, सेल, सगळं कोंबायचं म्हणजे बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा उडवावा लागे. सवय इतकी लागली की फोनवर कोणी जरा थांबून बोललं तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

अशात राई गावाहून एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. म्हातारी धवलारीण होती, म्हणजे गावातल्या लग्नांत धवले, लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी. गळ्यात गाठ झालेली, ऑपरेशन ठरलेलं. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते, आणि दीड महिन्यावर नातीचं लग्न.

"नातीच्या हलदीला मीच गानार," म्हातारीने मला बजावलं. "गला न्हाय ऱ्हायला तर तुझी शीडी गाईल."

पंखा बंद करून बसलो. ती एक ओळ गायची आणि गप्प. डोळे मिटून, मान डोलवत, चांगले पाच-सहा सेकंद. काचेच्या अलीकडे मी नुसता तडफडत होतो.

"आजी, पुढे?"

"गातंय ना! घाई कसली रं तुला?"

मला वाटलं, दम लागतोय बिचारीला, ओळ आठवत नसेल. संध्याकाळी बसून सगळ्या मोकळ्या जागा कापल्या. धवले कसे एकदम फास्ट झाले! स्वतःवरच खूश होऊन मी सीडी त्या गृहस्थांना दिली. ऐकायला कोणाला वेळ होता? ते हॉस्पिटलच्या धावपळीत होते.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच.

हळदीचं आमंत्रण मलाही होतं. नवरी पाटावर बसली, भोवती बायका जमल्या आणि सीडी लागली. म्हातारीची पहिली ओळ संपली, ती उचलून पुन्हा म्हणायला बायकांनी तोंड उघडलं, तोच दुसरी ओळ त्यांच्या अंगावर आली. मग तिसरी. बायका अडखळल्या, हसल्या, शेवटी गप्प झाल्या.

"आगं बाय, आमी कवा गायाचा?" एकजण म्हणाली. "म्हातारीनं जागाच न्हाय ठेवली!"

म्हातारी गळ्याला रुमाल बांधून खुर्चीत बसली होती. ती जोरजोरात मान हलवायला लागली. दोन्ही हातांनी नाही, नाही सांगत होती, आणि कोणाला काही कळत नव्हतं. जन्मभर गावाला गायला लावणाऱ्या बाईवर माझं पाप ढकललं जात होतं.

"आजींनी जागा ठेवली होती," मी उठून म्हणालो. "मी कापली. मला अक्कल नव्हती."

गाळ्यावर जाऊन पुन्हा एडिट करायचं तर दोन तास गेले असते, आणि हळद खोळंबलेली. मी प्लेअरजवळ मांडी घातली आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवलं. म्हातारी खुर्ची सरकवून शेजारी आली. तिने माझं मनगट धरलं. दाबलं की मी थांबवायचं, सोडलं की चालू करायचं. ती सीडीत गायची, बायका इथे उचलायच्या. मी दोनदा घाई केली, दोन्ही वेळा तिने चापट मारली. तिसऱ्यांदा बरोबर जमलं तेव्हा नवरी रडत होती आणि मीही.

शेवटचा धवला संपला. बायकांनीही शेवटची ओळ उचलली आणि संपवली. म्हातारीने मनगट दाबूनच ठेवलं होतं, म्हणजे अजून थांब.

"आजी," मी हळूच म्हणालो, "पुढे काही नाही. संपलं."

तिने मान डोलावली, पण हात काही सोडला नाही.