दीड इंच

पंधरा नोव्हेंबर. हळदीचे ब्लाउज हातावेगळे करायचे होते. भाच्याची हळद चार दिवसांवर आलेली. आमच्यात हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. नवीन पनवेलला घरीच माझं शिवणकाम चालतं, त्यामुळे अकराही ब्लाउज माझ्याकडे. दहा नीट बसले. अकरावा लेकीचा. त्याचे हूकच लागेनात.

"आई, या वेळी किती चोरलास?"

"दीड इंच."

"मागच्या वेळी एकच होता."

दहावीपासून मी तिचे कपडे मुद्दाम घट्ट शिवत आले. काचले की जेवण आपोआप कमी होईल, असं मला वाटायचं. शिलाईच्या आत जादा कापड सोडतात, तेही मी कापून टाकायचे. उसवून सैल करायची सोयच नको. आता ती सव्वीसची आहे.

"तुम्ही जा. मला सुट्टी मिळाली नाही म्हणून सांग," ती म्हणाली. ब्लाउजची नीट घडी घालून तिने तो मशीनवर ठेवला. चिडली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यापूर्वीच तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. "हिचा तोंडावर ताबा नाही," कुणी न विचारता मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोण अशा अंगाचं?" माझी आई, म्हटलं. मग त्यांनी समजावलं, की वजनात जनुकांचा मोठा वाटा असतो. एक नव्हे, पुष्कळ जनुकं. कुणाला पोट भरल्याचं लवकर कळतं, कुणाला उशिरा. चालणं, खाणं सांभाळायचंच, पण हिला दोष देऊ नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन दीड इंच कमी कापला.

आई दिवसभर लावणीला वाकलेली असायची. आम्हाला वाढून उरलं तर जेवायची. तरी शेजारीण विचारायची, "पोरांच्या वाट्याचा भात तूच खातेस का गो?" आई हसायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी वाढून घ्यायची. मी वडिलांवर गेले, काडीसारखी. श्रेय मात्र आजवर स्वतःच्या शिस्तीला दिलं.

मापांची जुनी वही काढून लेकीपुढे धरली. "हे बघ. आजीचा दंड आणि तुझा दंड, एकच माप."

तिने वाचलं. "आजीलाही घट्ट शिवायचीस?"

"नाही. तिला सैल लागायचं."

 वही बराच वेळ तिच्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी माझी हळदीची साडी उलगडली. कंबरेला आत खोचायचं टोक कुणाला दिसत नाही, आणि मला तेवढी साडी लागतही नाही. तिथून वीतभर कापड कापलं आणि लेकीच्या ब्लाउजला दोन्ही बगलांत पट्ट्या जोडल्या. आत दोन बोटं कापड जादा ठेवलं. मग तिला उठवलं.

"घालून बघ. पोट आत ओढू नकोस."