चुलीपाशी तीस श्वास

पत्रक मी लिहिलं होतं. चूक माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शाबासकी देणार नाही.

वेल्ह्याच्या पुढे, डोंगरात एक वाडी आहे. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी रोज खाली डांबरी रस्त्यावरच्या शाळेपर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी तोच चढ चढून घरी यायचं. चौथीत एक मुलगी होती, तिला दमा. चढाच्या पहिल्या वळणावर ती मटकन बसायची आणि तिच्या गळ्याखालचा खळगा आत-बाहेर व्हायचा. जूनपर्यंत हा चढ तिला जमला तर पाचवी, नाही तर शिक्षण संपलं. तिच्यासाठी कुणी गाडी ठेवणार नव्हतं.

आमचा गट दम्याच्या मुलांसाठी काम करतो. काम म्हणजे पत्रकं वाटणं, सभा घेणं, तहसील कचेरीत निवेदन देणं आणि त्याची पोच जपून ठेवणं. पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हाला श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. मुठीत मावेल असं प्लास्टिकचं नळकांडं, आत स्प्रिंग. ते तोंडात धरून जोर लावून श्वास आत ओढायचा. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. ताई दोनदा म्हणाल्या, "हे औषधाच्या पंपाऐवजी नाही हं. आणि सगळ्याच मुलांना फरक पडतो असंही नाही."

मी लिहून घेतलं. पत्रकावर मात्र मथळा टाकला : 'तुमच्या मुलाची छाती तुम्हीच बळकट करा!' चित्र काढणाऱ्या मित्राने नळी तोंडात धरलेलं एक गुटगुटीत पोर काढलं, गाल टम्म फुगवलेले. आम्हाला ते फार आवडलं. श्वास आत ओढताना गाल फुगत नाहीत, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

शिमगा झाल्यावर मी नळकांडं मुलीच्या आईच्या हातात दिलं, घाईघाईत एकदा करून दाखवलं आणि म्हटलं, "महाग आहे, जपून वापरा." मग भोरकडच्या गावांत सभा होत्या. महिनाभर वाडीकडे फिरकले नाही.

परत गेले तेव्हा घरात धूर कोंडला होता. सिलिंडर कोपऱ्यात रिकामा, त्यावर कळशी. मुलगी चुलीसमोर उकिडवी बसून लोखंडी फुंकणीने जाळ फुंकत होती आणि आई भाकरी थापता थापता मोजत होती. एकवीस. बावीस.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम," आई म्हणाली. "तीस सकाळी, तीस सांच्याला. येक दिस चुकवला न्हाई बघा."

"आणि मी दिलेलं ते?"

"ते व्हय? कपाटात हाय. तुमीच म्हनला न्हवं जपून म्हनून? आन् हे बी त्येच की." तिने भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकाकडे बोट दाखवलं. "नळी तोंडात, गाल फुगल्यालं. आमच्यात ह्याला फुंकनी म्हंत्यात म्याडम, तुमच्या पुन्यात काय म्हंत्यात कुनाला ठावं. चूल बी पेटती, छाती बी बळकट व्हती. माझी बघा, लगीन झाल्यापासनं फुंकतीया, कशी लोखंडाची झालीया." ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. बराच वेळ खोकत राहिली.

मी चिडले. तिच्यावर चिडले, हे सगळ्यात वाईट. "वाचता येत नाही का?" असं बोलून गेले.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. मुलगीच म्हणाली, "आईला येतं वाचाय. त्यात आत वढा असं लिवलंच न्हाई."

मी पत्रक वाचलं. खरंच नव्हतं. 'श्वसनाच्या स्नायूंना प्रतिरोध द्या' असं होतं. हे वाक्य मी कुणासाठी लिहिलं होतं? फुंकर मारून झाली की माणूस पुढचा श्वास चुलीच्या तोंडाशीच घेतो. रोज साठ वेळा ती पोर धूर ओढत होती, माझ्या सांगण्यावरून. पंप बंद केला नव्हता, तेवढं नशीब.

मग दिवसाआड एसटीने जायला लागले. अंगणात, चुलीपासून लांब बसून नळकांड्यातून श्वास ओढणं सुरू केलं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं आणि ती रडकुंडीला आली. नंतर दहा झाले, पंधरा झाले. एकदा ती चढाचं पहिलं वळण न बसता पार करून गेली, वर थांबून तिने माझ्याकडे बघून दात काढले. मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या.

वैशाखात राब आले. भाताचं रोप जिथे करायचं तिथे शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून जाळतात. एका घराचा नाही, सगळ्या उताराचा धूर. मी मुलीच्या चुलत्याला म्हटलं, घरालगतचा तुकडा तरी सोडा.

"सोडतो की," तो म्हणाला. "मग रोप कशाचं करू? तुमची पत्रकं पेरू?"

बाकीचे हसले. मुलीला आठवडाभर धुरापासून लांब, सारोळ्याला मामाकडे पाठवा, एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. मी वाद घालत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला बोलता येईना. ओठ निळसर पडले. टेम्पोत घालून वेल्ह्याला दवाखान्यात नेलं, तिथे वाफेचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला. पोर वाचली.

घरी आल्यावर आईने नळकांडं स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "न्या हे. पोरगी जित्ती हाय, त्येवढं बास हाय आमाला." पंप बंद करणार नाही, एवढं मी कबूल करून घेतलं. व्यायामाचं बोलायला तोंड नव्हतं.

राहिलं वसतिगृह, म्हणजे रोजचा चढच नको. खाली एका वसतिगृहात गेले. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, 'दमा' या शब्दावर बोट ठेवलं. "हिला काही झालं तर तुम्ही धावत येणार का?" मी तहसीलला निवेदन देईन म्हटलं. "द्या," त्या म्हणाल्या. निवेदन दिलं. पोच माझ्याकडे आहे.

शाळा उघडली त्या आठवड्यात वाडीवर गेले. तिच्या वर्गातली तिघं दप्तरं घेऊन खाली उतरली होती. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"वसतिगृह मिळालं का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने तांदळातला एक खडा काढून टाकला. "आईला मी सांगते," ती म्हणाली. "तुमी लई बोलता, मंग ती घाबरती."

ती आत गेली. मग आई बाहेर आली, पदराला हात पुसत.

"तुमची एसटी किती वाजता हाय?" बसा न म्हणताच तिने विचारलं.