एकाचा विरोध

सूर्यकांत शिगवणला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्याच्या गाववाल्यांच्या मंडळात वीस वर्षांत एकही ठराव बहुमताने झाला नव्हता. सगळे एकमताने. मी पुण्याचा, जिथे दोन माणसांत तीन मतं निघतात. मला याचं हसू यायचं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या लोखंडी कामाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता, मी ऑफिसात पगाराचं काम बघायचो. बायकोबरोबर, प्रमिलावहिनींबरोबर, तो शहरात रोल्लाला राहायचा, पण शुक्रवार कामगारांच्या कॅम्पवर, संगमेश्वरकडच्या माणसांत. त्याला धरून बासष्ट जण, निम्म्यांना नोकरीला त्यानेच लावलेलं. मंडळ महिन्याला माणशी पाच दिरहम जमवायचं ते एकाच कामासाठी: कुणी इथे वारला तर त्याला गावी पोचवायला.

२००९च्या सुरुवातीला दुबई मरीनातल्या टॉवरची कामं थांबली आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. मालकाने नोटीस लावली. प्रत्येकाची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना हातात पडणारी रक्कम, कंपनीच्या नव्या बचत योजनेत ठेवायची, वर सहा टक्के व्याज. त्यावर मतदान. हो म्हणेल त्याची रक्कम योजनेत, नाही म्हणेल त्याची जुन्या पद्धतीत. तेवढं मात्र नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. एकाच्या मताशी दुसऱ्याचा काही संबंध नव्हता.

पण मालकाने सूर्यकांतला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्याची माणसं योजनेच्या मागे एकजुटीने उभी राहिली तर कुणालाही काढणार नाही, असं सांगितलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यासारखा तो बाहेर आला. कॅम्पच्या मेसमध्ये त्याने भाषण केलं आणि चिठ्ठ्या पेटीत पडल्या. मोजायला मीच होतो. त्याच्या माणसांच्या एकसष्ट हो, एक नाही. चिठ्ठीवर कामगाराचा नंबर असायचा. तो कुणाचा, हे मी सांगायला नको होतं. त्याने विचारलं आणि मी सांगितलं.

तो बाबाजीचा होता. अठ्ठावन्न वर्षांचा वेल्डर, तेवीस वर्षं नोकरी, डोळे अधू झालेले. सूर्यकांतने माझ्याकडून कोरी चिठ्ठी मागून घेतली. मी ड्रॉवरमधून काढून दिली आणि त्याच्याबरोबर गेलोही, गंमत बघायला.

"बाबाजीदादा, एकटा तूच वेगळा का?"

"मार्चला नोकरी खलास करून गावी जातोय मी. माझे एकोणीस हजार होतात. म्हणजे अडीच लाख. लेकीच्या, कावेरीच्या घरावर पत्रा घालायचाय. हातात पायजेत."

"जाणाऱ्याला लगेच देणार, साहेबांनी प्रॉमिस केलंय. आपल्यात कधी फूट पडली का आजवर? मी आहे ना."

बाबाजीने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "तू म्हणतोस तर," एवढंच बोलला आणि सही केली. मी जुनी चिठ्ठी फाडली.

मार्चमध्ये बाबाजीला सांगितलं, जूनमध्ये देऊ. जूनमध्ये सांगितलं, रमजाननंतर, इन्शाल्ला. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तो थांबला आणि गेटवर वॉचमन झाला. दिवाळीनंतर मालक सुट्टीवर गेला तो गेलाच. गेटला सील लागलं. नाही म्हणणाऱ्या सात जणांना, सगळे दुसऱ्या प्रांतांतले, कंपनीने फ्री झोनकडे ठेवलेल्या बँकेच्या हमीतून पै न पै मिळाली. योजनेतल्या पैशाला हमी नव्हती, तो कंपनीत गुंतवलेला धरला गेला. सूर्यकांतचेही सतरा वर्षांचे बुडाले, पण त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

कॅम्प रिकामा करायच्या आधी मेसमध्ये मंडळाची शेवटची बैठक झाली. एकोणचाळीस जण उरले होते. वीज कापलेली, भर दुपारी सगळे घामाने निथळत होते. सूर्यकांत उठला.

"मंडळाच्या फंडात अकरा हजार दिरहम आहेत, म्हणजे दीड लाखाच्या आतबाहेर. ते सगळे बाबाजीदादाला द्यावेत, असा ठराव मांडतो."

हात वर झाले, सगळ्यांचे, अगदी घरी खायची भ्रांत असलेल्यांचेही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा, बाबाजीदादाचा हात खाली आहे."

"ते मयताचे पैसे आहेत," बाबाजी म्हणाला. "उद्या इथे कोण पडला तर त्याला काय वाळूत टाकणार? मी जिता आहे. माझा विरोध."

सगळे सूर्यकांतकडे बघत होते. मीही. आता तो जाईल, बाबाजीच्या शेजारी बसेल, खांद्यावर हात टाकेल आणि त्याला वळवेल, असंच मला वाटलं. खरं सांगतो, वळवावं असंही वाटलं. एकदा त्या माणसाच्या हातात काही पडलं असतं.

तो जागचा हलला नाही. खाली बसून त्याने मंडळाची वही उघडली आणि लिहिलं, एकाचा विरोध, ठराव फेटाळला. अडतीस हात वर असताना. मग खाली सही केली.

बाबाजी पुढच्या आठवड्यात कॉन्सुलेटने काढून दिलेल्या तिकिटावर गावी गेला. सामान एका पिशवीत मावलं. कावेरीच्या घरावर पत्रा पडला की नाही, ते सूर्यकांतने कधी विचारलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.