बिनदोऱ्याचं फळ

टोमॅटोचं बियाणं तयार करणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या मुकादमाला कामावरच्या बायका पाठीमागे दोरेबुवा म्हणत. खिशात चिमटा, गळ्यात लाल दोऱ्याचं रीळ आणि जिभेवर एकच वाक्य, "बाप कोण ते कळलं पाहिजे."

वाक्य कामातलंच होतं. जाळीच्या लांबलचक मांडवात मादीच्या झाडांच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही नांदतात. त्याला मोकळं सोडलं तर ते आपलं आपणच फळतं. तसं होऊ नये म्हणून मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची, आतले पिवळे पुंकेसर उपटायचे आणि मधली हिरवी काडी तेवढी राखायची. दुसऱ्या सकाळी त्या काडीच्या टोकाला नराच्या फुलातले पराग लावायचे. बायका त्याला पावडर म्हणत. मग देठाला लाल दोरा. दोरा असलेलं फळ बियाण्याला जाई. बिनदोऱ्याचं फळ कितीही गुटगुटीत असो, ते पायाखाली.

नवीन बायकांना हे सांगताना तो रंगात येई. "टोकावर पडलेल्या कणाला बारीक नळी फुटते. ती काडीतून खाली उतरते, पार आतल्या बीजांडापर्यंत. तिथे नराचं आणि मादीचं एक झालं की त्याचं बी होतं, आणि बियांभोवतीची पिशवी फुगली की फळ. माणसाचंही असंच. फक्त दोरा नसतो." बायका तोंडावर हात ठेवून हसत.

फळ न धरता फुलं गळायला लागली की बाकीचे मुकादम बायकांवर खेकसत. हा आधी पावडर तपासे. काचपट्टीवर चिमूटभर पराग, त्यावर रंगाचा थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा. जिवंत कण लाल होतात, मेलेले फिके राहतात. एका उन्हाळ्यात कोणीतरी परागाची डबी उन्हात विसरलं आणि शेकडो फुलं गळाली. साहेब बायकांची मजुरी कापायला निघाले, तेव्हा हा पुढे होऊन म्हणाला, "मादीला काय बोल लावता साहेब? आधी नर तपासा." त्या दिवशी बायकांनी त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तिसऱ्या ओळीत कळ्या उघडत बसलेल्या त्याच्या बायकोनेही ते ऐकलं.

लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याची आई एका कानाने ठार बहिरी, दुसऱ्याने अर्धी. त्यामुळे तिचं कुजबुजणंही गल्लीच्या टोकापर्यंत जाई. "वांझ" हा शब्द ती भाजी निवडता निवडता उच्चारी आणि समोरच्या शिंप्याचं मशीन थांबे. बायकोच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचं सगळं नीट आहे. आता तुमचं बघू." त्यावर तो तोंड फुगवून उठला आणि त्याने दवाखानाच बदलला.

पण शंका पोखरत राहिली. कंपनीच्या एका सुट्टीच्या दिवशी तो किल्ली घेऊन एकटाच प्रयोगशाळेत गेला. पुरुषाचे शुक्राणू कसे दिसतात ते त्याने दवाखान्यातल्या चित्रात पाहिलं होतं: शेपटीवाले, वळवळत पुढे धावणारे, त्यातला एक बाईच्या बीजात शिरला की मूल. स्वतःचं वीर्य काचपट्टीवर घेऊन तो तासभर डोळा लावून बसला. तीन पट्ट्या केल्या. काही नव्हतं. मेलेलंसुद्धा नव्हतं.

त्याने तोंडात गुळणी धरली ती धरलीच. पुढची नऊ वर्षं बायकोने कडू काढे प्यायले, सुया घेतल्या, पोटाला छेद देऊन आत दुर्बीण घालून घेतली. त्या शस्त्रक्रियेनंतर ती भिंत धरून चालत होती, तेव्हा आई गरजली, "खडकावर पेरलं माझ्या पोराने! उगवणार काय, कपाळ?"

तो जेवत होता. म्हणाला, "मीठ कमी आहे."

सांगावंसं त्याला कधी वाटलं नाही असं नाही. पण काल सांगितलं नाही म्हणून आज अवघड, आणि आज सांगितलं नाही म्हणून उद्या जास्त अवघड, असं करत करत त्याला ते खोटं अंगवळणी पडलं.

बाराव्या वर्षी आईने दुसरी मुलगी पाहून ठेवली आणि मामाने सोडचिठ्ठीचा कागद लिहून आणला. एका दुपारी तो कागद टेबलावर पसरला. पत्नीच्या दोषामुळे अपत्य नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"वाच आणि कर सही," मामा म्हणाला. "हिला महिन्याचं काहीतरी देत जा. आपण काय राक्षस नाही."

त्याने वाचलं. दोष या शब्दाशी क्षणभर थांबला. मग सही केली.

बायकोने सही पूर्ण होऊ दिली, पेनला टोपण लागू दिलं. मग पुढे आली आणि त्या कागदावर दवाखान्याचा कागद ठेवला. "तिसरा महिना लागलाय," ती मामाला म्हणाली.

मामाने तेच आईच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारी उठली ती थेट सुनेच्या गळ्यात. "माझी गुणाची गं बाई!" मघापर्यंत खडक होता, त्याची घटकेत काळी जमीन झाली. सोडचिठ्ठीचा कागद तिने स्वतः फाडला.

स्वयंपाकघरात गाठून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "कोणाचं आहे?"

"तुमचंच. दुसऱ्या कोणाचं असणार?"

"माझं नाही."

"कशावरून?"

त्याने बाहेर बसलेल्या आईकडे पाहिलं.

"सांगा ना, कशावरून? आईंना बोलावू? फक्त मोठ्याने सांगावं लागेल." तिने कांदा चिरायला घेतला. "त्या सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन आले होते. तुम्ही मागच्या दाराने गेलात, शेवटची पट्टी तशीच ठेवून. बघायचं कसं ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय. मी बघितलं, मग पट्टी धुतली."

"नऊ वर्षं तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"वाटायचं, आज सांगाल, उद्या सांगाल. पोट फाडून घेतलं तेव्हा तर नक्की वाटलं होतं. मघाशी पेन उघडलंत तेव्हासुद्धा."

"कोण आहे तो?"

"शोधा," ती म्हणाली. "दोरा दिसला तर मलाही दाखवा."

दुसऱ्या दिवशी मांडवात बातमी त्याच्या आधी पोचली होती. सगळ्यांत जुनी मावशी ओरडली, "मुकादम, बारा वर्षांनी फळ धरलं! दोरा नीट बांधलात ना?" बायका खिदळल्या. त्यालाही हसावं लागलं. त्या दिवशी बिनदोऱ्याची फळं त्याने कोणाला तोडू दिली नाहीत. स्वतः तोडली, स्वतः टाचेखाली चिरडली. बूट लालभडक झाले. पण मांडवातल्या गड्यांपैकी, गल्लीतल्या माणसांपैकी ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत राहण्याची सवय त्याला त्या दिवसापासून लागली, ती सुटली नाही.

मुलगा झाला. म्हातारीने तो उघड्या दारात, लोकांदेखत त्याच्या मांडीवर ठेवला. "नाक बघ! कपाळ बघ! अगदी तुझ्यावर गेलाय की नाही?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, शांत.

"हो," तो पुटपुटला.

"जरा मोठ्याने म्हणा," बायको म्हणाली. "आईंना ऐकू नाही आलं."

त्याने मोठ्याने म्हटलं. समोरचं शिलाईचं मशीन थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.