घोरण्यावर चमचा

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मोबाईलवर फिरणाऱ्या लेखांचा भारी राग. मुलं उत्तरपत्रिकेतसुद्धा ‘असं नेटवर आहे’ म्हणून लिहायला लागली, तेव्हा बाईंनी ठरवलं, एक थापेबाज लेख आपणच लिहायचा आणि नेटवर सापडला म्हणून वर्गात वाटायचा. बघू पोरांना काही खटकतंय का!

‘उशीखाली स्टीलचा चमचा ठेवा, घोरणं विसरा!’ आत ‘एका नामवंत परदेशी विद्यापीठाचं’ संशोधन, ‘डॉक्टर हे तुमच्यापासून का लपवतात?’ असा सवाल, आणि शेजारी पांढऱ्या कोटातल्या तज्ज्ञांचा फोटो. तज्ज्ञ म्हणजे बाईंचे धाकटे दीर. त्यांचं केस कापायचं दुकान होतं आणि कोट दुकानातलाच होता.

तास झकास रंगला. विद्यापीठाला नाव नाही, प्रयोग कुणावर केला त्याचा पत्ता नाही, तज्ज्ञांच्या खिशात तर कंगवा आहे, असं मुलांनी भराभर काढून दाखवलं. बाई खुशीत घरी गेल्या. पण एकाने गंमत म्हणून त्या कागदाचा फोटो मामाला पाठवला, आणि मामाने गंमत न कळून तो शंभर जणांना धाडला.

आठवड्याभरात बाईंच्या घरी चहा ढवळायला चमचा मिळेना.

“तुझ्या सासऱ्यांच्या उशीखाली आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

“सगळे?”

“एकाने भागत नव्हतं.”

“अहो आई, तो लेख मी लिहिलाय. साफ खोटा आहे.”

“काहीतरीच! माझ्या बहिणीने पाठवलाय तो.”

“निदान फोटो तरी बघा. आपले भाऊजी आहेत!”

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो न्याहाळला आणि त्यांचा ऊर भरून आला. “हा इतका शिकला कधी? मला कुणी बोललंसुद्धा नाही.”

दिरांचं तर विचारूच नका. गिऱ्हाईकं दाढी अर्धी असताना सल्ला विचारायची.

“वहिनी, दोन दिवस नाही नाही म्हटलं,” ते म्हणाले. “पण लोक इतक्या आदराने विचारतात, की मन मोडवत नाही. चमचा पालथा ठेवू की उताणा, असंही विचारतात.”

“मग?”

“पालथा म्हणतो. तेवढंच टोचणार नाही.”

बाईंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सरळ सांगून टाकलं, “तो लेख माझाच होता. आता तो खोटा आहे, हे आपण सगळ्यांना कळवायचं.”

मागच्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी उभी राहिली. “बाई, तुम्हीच लिहिलात, याला पुरावा काय?”

“अगं, मी सांगतेय ना!”

“सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच म्हणालात.”

बाईंना आधी राग आला, मग हसू. इतकी वर्षं आपण फळ्याशीच बोलतोय असं वाटायचं. पण नाही, कुणीतरी ऐकत होतं!

पुरावा म्हणून दीर वर्गात हजर झाले. मुलांनी त्यांची उलटतपासणीच घेतली.

“तुम्ही घोरण्याचा अभ्यास केलाय?”

“अभ्यास नाही. पण गिऱ्हाईकं खुर्चीत झोपतात, तेव्हा ऐकलंय भरपूर.”

“तुम्ही खरंच केस कापता कशावरून?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

दिरांनी वर्गाच्या मॉनिटरला स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांसमोर त्याचे केस कापले. तेव्हा कुठे वर्गाचं समाधान झालं. मुलांनी त्या केशकर्तनाचा फोटो लावून खुलासा लिहिला आणि घरोघरी पाठवला.

पहिलं उत्तर एकीच्या आत्याकडून आलं: ‘फोटो बनावट वाटतो.’

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरची मात्र गंभीरपणे म्हणाली, “बाई, आत्या शंका घ्यायला तरी लागल्या.”

मग त्यांना पटवायचं कसं यावर अशी काही जुंपली, की घंटा झालेली कुणाला ऐकूच आली नाही. गणिताचे सर दारात ताटकळत होते. बाईंनी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.